चार बैल, एक घोडी आणि पाच टायर

दुकानात नवीन माणूस आला की तो आधी माझ्या डोक्यावरून मागे बघतो. मागे भिंत आहे आणि भिंतीला लावलेली टायरची चळत. तिथे कोणी नाही अशी खात्री झाली की मग तो माझ्याकडे बघतो आणि विचारतो, "शेठ कुठं गेलेत?"

"शेठ डाळिंबात आहेत," मी सांगते. "टायरचं काय ते मला सांगा."

शेठ म्हणजे माझे यजमान. शिरूरहून चौफुल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, न्हावऱ्याजवळ, हे दुकान त्यांनीच काढलं. मग त्यांची कंबर गेली. वजन उचलू नका असं डॉक्टरांनी सांगितल्यावर त्यांनी दुकान सोडून शेती धरली, जणू शेतीत सगळं वजन फुलांचंच असतं. दुकान माझ्याकडे आलं, त्याला आता वीसेक वर्षं झाली. टायर उचलायला राजकिशोर आहे, बिहारकडचा, माझ्याच दुकानात त्याच्या मिशा पांढऱ्या झाल्या. माझं काम टायर निवडून देण्याचं.

निवडण्यात काय एवढं, असं लोकांना वाटतं. गाडीचा रंग ठरवायला जे कुटुंब महिना घेतं, ते टायर ठरवायला एक कप चहा संपेपर्यंतचा वेळ देतं. मी प्रत्येकाला माझा तळहात दाखवते. गाडी कितीही मोठी असो, ती रस्त्याला फक्त चार ठिकाणी टेकते आणि त्यातली प्रत्येक जागा एवढीच असते, तळहाताएवढी. बाकी सगळी गाडी, तिच्यातली माणसं, मागे ठेवलेली आंब्याची पेटी, हे सगळं त्या चार तळहातांवर चाललेलं असतं. हे ऐकून लोक मान हलवतात आणि विचारतात, यात स्वस्तातलं कोणतं?

माझा एकच नियम आहे. डाव्या-उजव्या जोडीच्या दोन चाकांना दोन वेगळे टायर मी बसवत नाही. गिऱ्हाईक रागावलं तरी नाही, परत गेलं तरी नाही. हा नियम मोडायला एका दिवशी सहा माणसं एका लाल गाडीतून आली. खरं तर पाच माणसं गाडीतून आली आणि सहावं मोटरसायकलवरून मागून.

गाडी बसकी, लांबुळकी, मागच्या झाकणावर पंख लावलेली. शहरात हौशी तरुण ज्या गाड्या वेगाने पळवतात त्या जातीची. चालवत होती एक चोवीस-पंचवीस वर्षांची मुलगी. बाजूला फेटेवाले म्हातारे आणि मागे तिघे जण खांद्याला खांदा घासत. चारही चाकांच्या रिमवर ऑइल पेंटने नावं लिहिलेली होती. पुढे डावीकडे सोन्या, उजवीकडे वादळ. मागे डावीकडे पोपट, उजवीकडे साहेबराव.

"ताई, टायर बघायचेत," फेटेवाले उतरून म्हणाले. हे आप्पा कोळपे, पाबळचे. "पर एक सांगतो. माझं फक्त हे," त्यांनी सोन्यावर काठी टेकवली. "बाकीच्या तिघांचं ज्यानं त्यानं बघावं."

मला वाटलं, आप्पांनी एका टायरचे पैसे द्यायचं कबूल केलं असेल. तसं नव्हतं. एक चाक त्यांच्या मालकीचं होतं.

आमच्या भागात बैलगाड्यांच्या शर्यती होतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. ज्यांनी बघितल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगते. गाड्याला बैल चार असतात. दोन जुवाखाली, दोन त्यांच्या पुढे. आणि सगळ्यांच्या पुढे एक घोडी पळते, बैलांनी तिच्या मागे जीव टाकून पळावं म्हणून. चारही बैल एकाच मालकाचे असतातच असं नाही. चार गावांतले चार मालक आपापला बैल आणतात आणि मिळून एक गाडा पळवतात. आप्पांचा सोन्या पुढे डावीकडे पळायचा. त्याच्या शेजारी सणसवाडीच्या बबनरावांचा वादळ. बबनरावांच्या तिकडे भाड्याच्या खोल्या आहेत आणि गळ्यात त्या खोल्यांना शोभेल अशी साखळी आहे. मागची जोडी साडू-साडूंची. तात्या कांद्याचे बागायतदार, त्यांचा पोपट. भाऊसाहेब काही बोलत नाहीत, त्यांचा साहेबराव.

या गाड्याने एका जत्रेत पहिला नंबर काढला आणि बक्षीस म्हणून ही गाडी मिळाली. कोण्या हौशी बिल्डरने आपली वापरून झालेली गाडी धुऊन, हार घालून बक्षिसाला ठेवली होती. विकून पैसे वाटून घ्या असं कुणीतरी सुचवलं. पण बक्षीस विकणाऱ्या माणसाला पुढच्या घाटात, म्हणजे शर्यतीच्या मैदानात, लोक मान देत नाहीत. मग वाटणी कशी करायची? त्यांनी त्यांना येत होती तशी केली. ज्या जागी ज्याचा बैल पळाला, त्या जागेचं चाक त्याचं.

"आणि घोडी?" मी विचारलं.

मोटरसायकलवरून आलेल्या माणसाने घसा साफ केला. हे दगडूमामा, वडगाव रासाईचे. त्यांनी गाडीची डिकी उघडली आणि आतलं कापड बाजूला केलं. स्टेपनीवर लिहिलं होतं, राणी.

ती स्टेपनीही पूर्ण चाकाची नव्हती. हल्ली देतात तसलं बारीक, अंगावर काढलेल्या तापासारखं पिवळट चाक. दगडूमामांनी डिकी हळूच बंद केली.

सगळ्यात विचित्र गोष्ट वेगळीच होती. या पाच मालकांपैकी एकालाही गाडी चालवता येत नव्हती. चालवणारी मुलगी म्हणजे दगडूमामांची पल्लवी. दौंडला एका दवाखान्यात रक्त-लघवी तपासायच्या खात्यात नोकरीला. असं ठरलं होतं की जत्रा-लग्नाला ती पाचही जणांना नेणार आणि त्याच्या बदल्यात आठवड्याचे सहा दिवस गाडी तिच्याकडे राहणार. रोज वडगाव रासाई ते दौंड आणि परत. सोमवारपासून जायचं होतं, म्हणून आज शनिवारी टायर.

मी खाली बसून टायर बघितले. टायरच्या अंगावर चार आकडे कोरलेले असतात, वर्षातला कितवा आठवडा आणि कोणतं वर्ष. लोक त्याला नंबर समजून सोडून देतात. या टायरांची जन्मतारीख बघून मी राजकिशोरला हाक मारली. त्याने नख रोवून पाहिलं. नख रुतलं नाही. कडेने बारीक भेगा पडल्या होत्या.

"दीदी, ये टायर नहीं, लकडी है," तो म्हणाला.

"चारही बदलायला लागतील," मी म्हटलं. "एकसारखे."

इथून पुढे जे झालं ते मी त्याच क्रमाने सांगते.

आप्पांना ट्रॅक्टरसारखी खोल नक्षी हवी होती, कारण त्यांच्या वाटेला खडी आहे. बबनरावांना लाल रेघेचा हवा होता. "माझं चाक डायवरच्या बाजूला हाय ताई. समोरून येणाऱ्याला आधी माझंच दिसतंय." भाऊसाहेबांनी टायर बदलायलाच नकार दिला. बोलले नाहीत, नुसता हात हलवला. त्यांचं म्हणणं तात्यांनी सांगितलं, "ते म्हणत्यात, मागचं चाक काय, पुढच्याच्या मागंच जाणार. जुनंच ऱ्हाऊ द्या."

स्वतः तात्यांनी मात्र अभ्यास केला होता. त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. "ह्या जातीच्या गाडीला उन्हाळी टायर लागतोय असं दिलंय. मला तो द्या. उन्हाळी."

हे बरोबर होतं, म्हणून मला बरं वाटलं. जिथे बर्फ पडतो तिथले लोक वर्षात दोनदा टायर बदलतात. उन्हाळी टायरचं रबर तिकडच्या थंडीत कडक पडतं आणि पकड सुटते. आपल्याकडे तो प्रश्न नाही. आपल्याकडे मिळतात ते जवळजवळ सगळे टायर उन्हाळीच, बारा महिने तेच. पण पळणाऱ्या गाड्यांसाठी कंपन्या एक खास प्रकार काढतात. रबर मऊ, तापलेल्या डांबराला चिकटून राहणारं, पावसाचं पाणी बाहेर फेकायला रुंद चर. पकड चांगली, पण मऊ म्हणून झिजतो लवकर. मी तात्यांना हे सगळं सांगितलं.

"झिजतो?" तात्या थबकले. "असं कसं? माझा उन्हाळी कांदा चाळीत दिवाळीपतोर राहतोय. पावसाळी कांदा आठ दिसांत पाणी सोडतो. उन्हाळी म्हंजी टिकायलाच पायजे."

"तात्या, टायर चाळीत ठेवायचा नाही. रस्त्यावर घासायचा आहे."

"मग उन्हाळा सरला की काढून ठिवू," तात्या म्हणाले. "पावसाळ्यात साहेबरावाचं चाक हाईच की."

म्हणजे चार चाकांना चार टायर. एक नांगरटीचा, एक लाल रेघेचा, एक उन्हाळी आणि एक लाकडी. मी म्हटलं, मी बसवणार नाही.

"पलीकडचा बसवंल की," बबनराव रस्त्यापलीकडच्या टायरच्या दुकानाकडे बघत म्हणाले. खरंच बसवला असता. पलीकडचा माणूस बैलगाडीला विमानाचंही चाक बसवेल.

तेव्हा पल्लवी पहिल्यांदा बोलली. इतका वेळ ती गाडीला टेकून उभी होती. ती आली आणि गाडीची चावी माझ्या टेबलावर ठेवली.

"काकू, ही ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं. चारी चाकं एकसारखी झाल्याबिगर मी बसत न्हाई."

"पोरी, तुला काय कळतंय टायरातलं?" आप्पा म्हणाले.

"मला काय न्हाई कळत आप्पा. पर गाडा सुटला की तुम्ही कडंला उभं राहता. सोमवारपास्नं दौंडच्या रस्त्याला मी एकटी असणार हाय."

यावर बबनरावांना फोन सुचला. त्यांच्या खोल्यांत एक ड्रायव्हर राहतो, त्याला त्यांनी बोलावून घेतलं. सणसवाडीहून यायला त्याला तास-दीड तास लागणार होता. तो आला की गाडी पलीकडे जाणार, टायर बसणार, आणि सोमवारी सकाळी हीच मुलगी त्यावरून दौंडला जाणार. कारण नोकरी तिचीच होती. चावी टेबलावर ठेवण्याचं धाडस शनिवारी होतं, सोमवारी हजेरी असते.

आता मास्तरांचं सांगायला हवं. हे मी सहसा कुणाला सांगत नाही.

दुकान हातात येऊन वर्ष झालं नव्हतं तेव्हाची गोष्ट. दौंडचे एक मास्तर आले. पुढचा एक टायर फाटला होता, तो बदलायचा. दुसरा गुळगुळीत होत आला होता. मी म्हटलं, जोडीने बदला. ते म्हणाले, अजून सहा महिने जाईल तो. माणूस सभ्य, हळू चालवणारा. मी बसवून दिला. जाताना त्यांच्या पत्नीने मला शेवग्याच्या शेंगा दिल्या. पहिल्या मोठ्या पावसात चौफुल्याच्या अलीकडे मास्तरांनी ब्रेक दाबला. एका चाकाने रस्ता धरला, दुसऱ्याने सोडला. गाडी फिरून रस्त्याकडेच्या चारीत गेली. मास्तरांना खरचटलं. बाईंचा उजवा हात कोपरात असा मोडला की परत सरळ झाला नाही. मास्तर नंतरही माझ्याकडेच हवा भरायला येत. एका शब्दाने बोलले नाहीत. बाई गाडीत बसलेल्या असत, तो हात मांडीवर ठेवून, आणि डाव्या हाताने मला शेंगा देत. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

नियम तेव्हापासूनचा. पण नियम माझ्या दुकानापुरता, रस्त्यापलीकडे त्याचा काही उपयोग नाही. माझ्याकडे तास-दीड तास होता आणि समोर चार गाडामालक.

मी आधी त्यांच्याच भाषेत सांगून पाहिलं. म्हटलं, आप्पा, उंच बैलाशेजारी बुटका जुंपाल का? जोडी एकसारखी लागते. हे त्यांना लगेच पटलं, आणि काम आणखी बिघडलं. आप्पा आणि बबनराव एका बाजूला झाले, साडू दुसऱ्या. पुढच्या जोडीचा टायर वेगळा, मागच्या जोडीचा वेगळा. पुढच्या जोडीचं म्हणणं, आमचे बैल पुढं, आमचा टायर भारीतला. त्यात मी चुकून सांगितलं की या गाडीत ओढायचं काम पुढची चाकं करतात, म्हणून ती लवकर झिजतात, म्हणून ठरावीक अंतरानंतर पुढची चाकं मागे आणि मागची पुढे करावी लागतात.

आप्पा उभे राहिले. "सोन्या मागं?"

"सोन्या नाही आप्पा, चाक."

"नाव सोन्याचं हाय त्याच्यावर. आजपतोर माझा बैल कुणाच्या मागं पळाला न्हाई. चाक बी जाणार न्हाई."

राजकिशोरने माझ्याकडे पाहिलं आणि तो पंक्चर काढायला निघून गेला. त्याच्याकडे पंक्चर नव्हतं.

मी चहा सांगितला. चहा पिताना आप्पा जुन्या गोष्टी सांगू लागले. त्यांच्या वडिलांनी मेंढरं विकून पहिली बैलजोडी घेतली, तरुणपणी आप्पांनी कारखान्याला ऊस वाहिला, डांबरी रस्ता नवीन होता तेव्हा बैल कसे घसरायचे. ऐकता ऐकता माझा कप हातात राहिला.

"आप्पा, घसरत होते मग काय करायचात?"

"काय करणार, नाल मारायची. डांबरावर नालीबिगर बैल उभा ऱ्हात न्हाई."

"कोणत्या पायाला?"

आप्पा हसले. "ऐका. चारी पायाला, आनि कोणत्या?"

"पुढच्या पायाला एक नाल, मागच्याला दुसरी, असं कधी केलंत? किंवा तीन पायांना नाल आणि चौथा तसाच?"

"येडं का खुळं, ताई? बैल पायात पाय घालून पडंल. एका बैठकीत, एका नालबंदानं, एकाच लोखंडाची मारायची असती."

"मग ही गाडी म्हणजे तुमचा गाडा नाही, आप्पा. हा एक बैल आहे. हे त्याचे चार पाय."

सगळे लाल गाडीकडे बघू लागले. तात्यांनी पुढे होऊन तिच्या पाठीवर हात ठेवला, बाजारात ठेवतात तसा.

"एक बैल," आप्पा म्हणाले. "मागं घसरला तरी पडतो पुढंच."

"तेच सांगते आहे मी दुपारपासून."

"मग तसं सांगायचं की. टायर टायर काय लावलंय?"

पण आता दगडूमामा उठले. "एक बैल आन् चार पाय. ठीक हाय. मग माझी राणी कुठं गेली?"

खरा प्रश्न होता. बैलाला स्टेपनी नसते. बबनराव हसू लागले, "मामा, शेपूट घ्या." पल्लवीने मान खाली घातली. तेव्हा मदत आली ती तात्यांकडून, ज्यांच्याकडून मी अपेक्षाच सोडली होती.

"पाच पायांचा नंदी न्हाई का येत दारात?" ते म्हणाले. "वशिंडावर पाचवा पाय असतोय. सजवून, झूल घालून आणत्यात. लोक पाया पडत्यात ते त्या पाचव्या पायाच्या. बाकीच्या चारीला कोण इचारतंय?"

बबनरावांचं हसणं थांबलं. मी ती संधी सोडली नाही. म्हटलं, बरोबर आहे, पण पाचवा पायसुद्धा त्याच बैलाचा असायला हवा, बारीक पिवळा नाही. चार टायर घेणार असाल तर पाच घ्या. तसंच रिम मी पुण्याहून जुन्या बाजारातून आणून देते.

अशा रीतीने पाच एकसारखे टायर ठरले. उन्हाळी प्रकारातलेच, पण सगळ्यात मऊ नव्हेत, कारण ही गाडी शर्यतीच्या मैदानावर पळायची नाही. तिला खड्डे होते आणि गावागावाचे गतिरोधक. कडेची भिंत जरा जाड असलेला टायर मी काढला. आणि अंगावर बाण नसलेला. बाणवाला टायर एकाच दिशेने फिरतो, त्याची बाजू बदलता येत नाही, मग स्टेपनी कोणत्याही चाकाला लावणं आणि पाळीने चाकं फिरवणं अडतं. हे कारण मी त्यांना सांगितलं नाही. सोन्या मागे जाण्याचा विषय मला त्या दिवशी परत काढायचा नव्हता.

सणसवाडीचा ड्रायव्हर आला तेव्हा राजकिशोर तिसरा टायर चढवत होता. ड्रायव्हरला चहा दिला. तो चहा पिऊन परत गेला.

वाटलं संपलं. पण टायर चढवल्यावर चाकाचं बॅलन्सिंग करायचं असतं. चाक यंत्रावर फिरवतात, कुठे हलकं भरतं ते कळतं, आणि तिथे छोटंसं वजन चिकटवतात. यंत्रावर आकडे दिसतात. आप्पांच्या चाकाला पस्तीस ग्रॅम लागले, बबनरावांच्या चाकाला पाच.

"त्यांला पस्तीस आन् मला पाच?" बबनराव म्हणाले. "मानपान हाय का न्हाई?"

मी समजावलं की जास्त वजन लागणं हा मान नाही, ज्या चाकात खोट जास्त त्याला वजन जास्त. हे सांगायला नको होतं. आता आप्पा उठले. सोन्यात खोट? राजकिशोरने चाक यंत्रावरून उतरवून उलटं केलं. रिमच्या आतल्या बाजूला तारेने घट्ट बांधलेलं एक पितळी घुंगरू निघालं. सोन्याच्या गळ्यातलं. दृष्ट लागू नये म्हणून आप्पांनी स्वतः बांधलं होतं. घुंगरू काढल्यावर आप्पांच्या चाकालाही पाचच ग्रॅम लागले. आप्पांनी ते घुंगरू खिशात ठेवलं आणि मला म्हणाले, "यंत्र चांगलं हाय तुमचं."

निघताना बसण्यावरून पाच मिनिटं गेली. ज्याचं चाक, त्याने त्यावर बसायचं. आप्पा पुढे डावीकडे. साडू मागे आपापल्या चाकांवर. बबनरावांचं चाक ड्रायव्हरच्या जागेखाली, त्यामुळे ते मागे मधे बसले आणि तिथून पल्लवीला म्हणाले, "माझ्या चाकावर बसून चालवतीयास, ध्यानात ठिव." दगडूमामांचं चाक डिकीत, म्हणून ते मोटरसायकलवर मागून.

पुढे आठ दिवसांत पाचवा टायरही पुऱ्या रिमवर चढला. त्यावर पल्लवीने स्वतः ब्रशने राणी लिहिलं.

ती हवा तपासायला येत राहिली. बबनकाका दर वेळी ते चाकाचं बोलून दाखवतात, असं ती सांगे. तक्रार म्हणून नाही, रस्त्यावर खड्डा आहे असं सांगावं तसं. पावसाळ्यात एकदा सकाळी आली, दवाखान्याच्या वाटेवरच होती. हवा भरताना म्हणाली, "काल खडीचा डंपर मधीच थांबला काकू. लाइट न्हाई, काय न्हाई. पाणी व्हतं रस्त्यावर."

"मग?"

"मग काय. ब्रेक मारला. सरळ थांबली." तिने दोन हातांत अंतर दाखवलं. विताहून थोडं जास्त असेल.

मी चारही चाकांची हवा परत तपासली. गरज नव्हती.

दिवाळीच्या आधी चाकं फिरवायची वेळ आली. मी पाचही मालकांना बोलावून घेतलं, कारण माघारी केलं असतं तर पंचायत बसली असती. पाच टायर असले की स्टेपनीही पाळीत येते. पाळी लावायची प्रत्येकाची पद्धत वेगळी. माझ्याकडे स्टेपनी पुढे उजवीकडे येते. पुढचं उजवं मागे जातं, मागचं उजवं डिकीत. डावीकडची दोन आपसांत बदलतात.

राजकिशोरने पाचही चाकं काढून फरशीवर मांडली. आप्पा सोन्याजवळ उभे राहिले. मला वाटलं, आता सुरू होणार. पण आप्पांनी काठी बगलेत धरली, वाकले, आणि चाक स्वतःच ढकलत मागच्या बाजूला नेलं. हळू, बैलाला पाण्यावर न्यावं तसं. "चारी पायांची नाल एकदमच झिजाय पायजे," ते कुणाकडेही न बघता म्हणाले. त्यांच्या मागोमाग बाकीचेही आपापलं चाक ढकलू लागले. राजकिशोर पाना घेऊन नुसता उभा होता. वादळ मागे गेला. पोपट पुढे आला. साहेबराव डिकीत गेला. आणि दगडूमामांनी दोन्ही हातांनी राणी ड्रायव्हरच्या बाजूला आणून उभी केली.

बसायची वेळ झाली. नियम तोच. तात्या पुढे, आप्पा आणि बबनराव मागे आपापल्या चाकांवर. दगडूमामा दोघांच्या मधे. पल्लवीने आरसा बबनरावांच्या तोंडावर येईल असा फिरवला.

"बबनकाका, आता कुणाच्या चाकावर बसलेय मी?"

बबनरावांनी खिडकीबाहेर बघितलं.

"राणीच्या," आप्पा म्हणाले. "चल, उशीर व्हतोय."

गाडी रस्त्याला लागली. भाऊसाहेब दगडूमामांच्या मोटरसायकलला किक मारत होते. तिसऱ्या किकला ती सुरू झाली. त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच माझ्याशी बोलले.

"तरी म्हणलं व्हतं ताई, जुनंच ऱ्हाऊ द्या."